गावठाणातला शेंदूर लावलेला दगड : खाली गाढव दिसतंय, हलवू द्यावा का?

पिंपळाखालची

नमस्कार मंडळी. मी मालाड पश्चिमेच्या एका जुन्या गावठाणात राहते. कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाला टेकून एक उभा काळा दगड आहे, साधारण कमरेएवढा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावून त्याचा आकारच गेलाय. सगळे त्याला ‘वेशीवरची आई’ म्हणतात. लग्नाची पहिली पत्रिका तिथे जाते, नवीन रिक्षा घेतली की नारळ तिथे फुटतो.

यंदाच्या पावसात शेंदराचा एक मोठा पापुद्रा सुटून पडला. खालच्या बाजूला चार पायांचं, लांब कानांचं जनावर कोरलेलं दिसतंय. त्याच्या खाली आणखी कोणीतरी आहे, माणूस असावा. माझ्या काकीने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे पदर तोंडाला लावून घरात गेली. म्हणजे तिला काहीतरी कळलं, पण ती सांगत नाही.

घाई अशासाठी की आमच्या चाळींचा पुनर्विकास ठरलाय. बिल्डरचा माणूस म्हणतो, देवीला आम्ही पार्किंगच्या कोपऱ्यात छान देऊळ बांधून देऊ, टाइल्स, ग्रिल, लाइट सगळं. चाळीतले खूश आहेत. मला मात्र बरं वाटत नाहीये आणि का ते सांगताही येत नाहीये. हे नक्की काय आहे? दगड हलवला तर काय बिघडतं? आणि उरलेला शेंदूर आम्ही काढला तर चालेल का?

बोरीवली_फास्ट

गाढव आहे म्हणजे शितळादेवी! तिचं वाहन गाढवच. माहीमला शितळादेवीचं मोठं देऊळ आहे, तिथे जाऊन ताडून बघा. काकीला देवीच्या रोगाची आठवण झाली असेल.

साखळी_आणि_फळा

ताई, पहिलं काम, कोणालाही शेंदूर खरवडू देऊ नका. रॉकेल नाही, तारेचा ब्रश नाही, ॲसिड तर अजिबात नाही. दगड एवढी वर्षं थांबलाय, आणखी चार दिवस थांबेल.

शितळा नसावी. शितळा गाढवावर बसते, हातात केरसुणी आणि कलश, डोक्यावर सूप. तुमच्याकडे गाढव वर आहे आणि माणूस खाली आहे. तुमच्या काकींनी पदर का लावला ते त्यातच आलं. हा गधेगळ दिसतो.

मी भूमापन खात्यातून निवृत्त झालो. उभी नोकरी उपनगर जिल्ह्यात दगड शोधण्यात गेली. लोकांना वाटतं मोजणीदार जमीन मोजतो. अहो, तो आधी शिवेचा दगड शोधतो. तो मिळाला की जमीन आपोआप मोजली जाते, नाही मिळाला की दोन्ही शेजारी मिळून मोजणीदारालाच मोजतात. त्यामुळे तुमच्या आईसाहेब मला देवी म्हणून नंतर दिसतात, आधी दस्त म्हणून दिसतात.

गधेगळ हा दस्तच आहे. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळात, आणि त्यांच्या नंतरही बराच काळ, राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने एखादी जमीन, बाग, गावाचं उत्पन्न देवळाला किंवा ब्राह्मणाला दिलं की ताम्रपट घेणाऱ्याच्या घरी जायचा. पेटीतला ताम्रपट गावाला कसा दिसणार? म्हणून जागेवर शिळा उभी करायची. माथ्यावर सूर्य आणि चंद्र, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालू. मधे मजकूर, असलाच तर : कोणी दिलं, कोणाला दिलं, काय दिलं. आणि तळाशी हे चित्र : जो कोणी हे मोडील त्याच्या आईला गाढव लागो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळलं पाहिजे ना! आम्ही सरकारी शिक्क्याच्या किती नोटिसा बजावल्या, पण अशी जरब एकीचीही बसली नाही.

आपल्या मुंबईतच परळला शिलाहार राजा अपरादित्याचा लेख सापडलाय, इ.स. ११८० च्या दशकातला. त्यात दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शेवटची गाढवाची शिवी मात्र स्वच्छ मराठीत. लिहिणारा कारकून हुशार. दान कोणी वाचो न वाचो, शिवी पोचली पाहिजे. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख, ज्याला अनेक जण मराठीतला सर्वांत जुना म्हणतात, तोही गधेगळच. शिलालेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा शक ९३४ वाचला, म्हणजे इ.स. १०१२. त्या वाचनावर अभ्यासकांचा वाद आहे. पण आज शाळेत ज्याचं नाव घेतात तो लेख रस्त्याच्या कडेला कितीतरी वर्षं ऊन-पाऊस खात पडून होता, यावर वाद नाही.

आता हलवण्याचं. मूर्ती हलवली तर ती मूर्तीच राहते. शिवेचा दगड हलवला की त्याचं निम्मं बोलणं बंद. तो जिथे उभा आहे तिथे काहीतरी सुरू होत होतं किंवा संपत होतं : गाव, बाग, देवळाची जमीन. पार्किंगच्या कोपऱ्यात टाइल्सवर उभा केला की शिवी तेवढी उरेल.

तुम्हाला वाटेल, मालाडमधे कसली आलीय शीव. घरातली मिळकत पत्रिका काढून बघा. तिच्यावर ‘मौजे’ लिहिलेलं असेल. मौजे मालाड, मौजे एकसर, मौजे मागाठाणे, मौजे दिंडोशी. ही सगळी साष्टी बेटातली खेडी. मुंबई महापालिकेच्या हद्दीत अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतचा पट्टा १९५० मधे आला आणि दहिसर-मुलुंडपर्यंतचा १९५७ मधे. म्हणजे माझ्या बालपणी बोरीवली हे मुंबई नव्हतंच. भात, ताडी, मिठागरं आणि गुरांची वाट. त्याआधी पोर्तुगीज १५३४ पासून, मग मराठे १७३७ मधे ठाणे-साष्टीवर, १७३९ मधे वसई, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतलं. प्रत्येक सरकारने आपली पट्टी लावून जमीन पुन्हा मोजली. आमची मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिच्या एका चौरसाला गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. तुमचा दगड त्या साखळीच्या कित्येक शतकं आधीचा असू शकतो.

आज रात्री एक करा. अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या बाजूला धरा, समोरून नाही, अगदी कडेने, उजेड दगडावरून घासत गेला पाहिजे. दिवसा सपाट दिसणारा दगड त्या उजेडात बोलायला लागतो. माथ्यावर काही गोल, काही कोर दिसते का बघा. मधे ओळी आहेत का बघा. खडू, पीठ, भस्म काही चोळू नका. शेजारी मोजपट्टी उभी करून फोटो काढा.

अपरान्त_२२

मी पुरातत्त्वाची पदविका करतेय. काकांनी सांगितलेलं बरोबर आहे, थोडी भर घालते.

कोरीव दगड वेगवेगळे असतात, त्यामुळे फोटो बघितल्याशिवाय छातीठोक सांगू नये. गाय आणि तिला पिणारं वासरू असेल तर तेही दानाचंच चिन्ह, धेनुगळ. बांगड्या भरलेला कोपरात दुमडलेला हात असेल तर सतीशिळा. लढाईचे थर असतील तर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, आणि तो खालून वर वाचायचा : तळाला युद्ध, मधे अप्सरा वीराला नेताना, वर तो शिवलिंगाची पूजा करताना, माथ्यावर कलश. गाढव आणि बाई एवढंच एका चौकटीत असेल तर मग शंकाच नाही.

वीरगळ बघायचे असतील तर मालाडहून बोरीवली पश्चिमेचं एकसर किती लांब! १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमधे तिथल्या सहा शिळांचं वर्णन आहे, तळ्याकाठच्या आंब्याच्या बागेत ओळीने उभ्या. त्यातल्या चार जवळजवळ दहा फुटी. काहींवर वल्ह्यांची जहाजं कोरली आहेत, समुद्रावरच्या लढाईची. असं काम आपल्याकडे फार दुर्मीळ आहे.

ती लढाई म्हणजे उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांची, साधारण १२६५ ची, असं सगळीकडे छापलं जातं. यादवांचा मंत्री हेमाद्री याने त्यांच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं लिहिलंय हे खरं. पण एकसरचे दगड त्याच लढाईचे हा त्यावरून बांधलेला अंदाज आहे. काही अभ्यासक शैलीवरून ते त्याहून जुने मानतात. फलकावर ‘हीच ती लढाई’ लिहिलं की विषय संपतो आणि लोक बघणं थांबवतात, म्हणून सांगितलं.

आणखी एक. २०१५-१६ पासून मुंबई विद्यापीठ, साठ्ये महाविद्यालय आणि इन्स्ट्यूसेन यांच्या मंडळींनी साष्टीतली गावठाणं पायी फिरून असे अवशेष नोंदवले आहेत. तुमचा दगड त्यात आधीच आलेला असण्याची शक्यता आहे. विद्यापीठाच्या पुरातत्त्व केंद्राला फोटो पाठवा. लेख असेल तर ते ओल्या कागदाने ठसा घेतील. त्याने दगडाला इजा होत नाही आणि जे डोळ्याला दिसत नाही ते कागदावर उतरतं.

तिसरा_मजला

सगळ्यांचं ज्ञान मान्य. पण तुमच्यापैकी किती जण सार्वजनिक संडासाला रांग लावून ऑफिसला जाता? आमच्याकडे असाच एक ‘वारसा’ निघाला आणि पुनर्विकास असा अडकला की म्हातारी माणसं वाट बघत गेली. दगडाला देऊळ मिळतंय ना? मग झालं. दगडासाठी माणसं थांबवू नका.

साखळी_आणि_फळा

@तिसरा_मजला, बरोबर आहे तुमचं, आणि इमारत थांबवा असं मी म्हणतच नाहीये. कमरेएवढ्या दगडाला जागा किती लागते? चौकोनी चार-पाच फूट. आर्किटेक्टने आज नकाशात टिंब दिलं तर कुंपण त्याला वळसा घालून जातं. तेच जोत्याचं काम झाल्यावर कळलं तर भांडण. अडकतं ते लपवल्यामुळे, दगडामुळे नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी आहे म्हणजे बहुतेक करून तो सामायिक जागेतच येतो.

फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मैल मोजणारे इंग्रजांचे मैलाचे दगड आहेत ना, रोमन आकड्यांचे, ते फुटपाथखाली गाडले गेले होते. काहींचं नुसतं डोकं वर. आज ते पहिल्या श्रेणीचा वारसा आहेत, खणून वर काढून नीट बसवले. त्यांच्यामुळे कुठला रस्ता थांबला? बरं, ते दोनेकशे वर्षांचे. त्यांना श्रेणी, आणि त्यांच्या चौपट वयाच्या दगडाला टाइल्स. शहराचा इतिहास माहीमच्या खाडीशी संपतो असं ज्यांना वाटतं, त्यांना एकदा साष्टीच्या उन्हात साखळी ओढायला लावली पाहिजे.

मे_महिन्यातलं_लदीन

मी वांद्र्याच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली. गधेगळ आमच्याकडे नाही, पण दुखणं तेच आहे म्हणून लिहिते.

आमच्या गल्ल्यांच्या तोंडाशी क्रूस आहेत. लोकांना वाटतं पोर्तुगीजांनी उभे केले. बरेचसे तसे नाहीत. १८९६ मधे मुंबईत प्लेग आला, माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती, तेव्हा घरोघरच्या वर्गणीतून गल्लीच्या राखणीसाठी लोकांनी क्रूस उभे केले. चौथऱ्यावर घराण्याचं नाव आणि साल असतं, कुठे इंग्रजीत, कुठे पोर्तुगीजमधे, कुठे मराठीत. मे महिन्यात आजही तिथे लदीन, म्हणजे प्रार्थना, म्हणतो, चणे वाटतो.

रस्ता रुंद करताना असा क्रूस उचलून चर्चच्या आवारात ठेवला की तो जपला गेला असं म्हणतात. पण तो ज्या गल्लीसाठी होता ती गल्ली मग दर मे महिन्यात कुठे जमणार? एका ठिकाणी रंगारी आला आणि चौथऱ्यावरची सगळी अक्षरं ऑइलपेंटखाली गेली. नव्या पाटीवर फक्त देणगीदाराचं नाव. म्हणून सांगते, जे काही ठरेल ते ठरो, आधी अक्षरांचे फोटो काढून ठेवा. आणि तुमच्या गावठाणातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा. पुरुषांना रस्ता कधी झाला ते आठवतं, बायकांना त्या आधी तिथे काय होतं ते आठवतं.

पिंपळाखालची

सगळ्यांचे आभार. कालच विजेरीचा प्रयोग केला. भावाने कडेने उजेड धरला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. माथ्यावर डावीकडे गोल आहे आणि उजवीकडे कोर, अगदी स्पष्ट. मधे आडव्या ओळी आहेत, झिजलेल्या. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला ‘स्व’ असावा असं भावाला वाटतंय, मला तो नुसता ओरखडा वाटतो. खालच्या चित्राबद्दल आता शंका नाही. काकीला विचारलं तर म्हणाली, “माझ्या सासूने सांगितलं होतं, तिच्याकडे खाली बघायचं नाही, नमस्कार वरच करायचा.” म्हणजे घरातल्या बायकांना माहीत होतं आणि शेंदूर बहुतेक म्हणूनच एवढा जाड आहे!

पण एक घोटाळा झालाय. मे_महिन्यातलं_लदीन यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणतात, दगड मुळात पिंपळाखाली नव्हताच. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तो विहिरीच्या पलीकडे, शेताच्या बांधावर होता. रस्ता झाला तेव्हा गावकऱ्यांनी उचलून आणून इथे ठेवला. विहीर आता नाही, तिच्यावर पतपेढीची इमारत आहे. मग काका, तुम्ही म्हणता ते जागेचं बोलणं आधीच बंद झालं का? बिल्डरच्या माणसाला हे कळलं तर तो म्हणेल, एकदा हलवलाच आहे, आणखी एकदा हलवू.

बोरीवली_फास्ट

माझी शितळा मागे घेतो. काकीचं वाक्य भारी आहे.

अपरान्त_२२

ओळ ‘स्वस्ति’ने सुरू होणं अगदी शक्य आहे, असे लेख तसे सुरू होतात. पण ‘वाटतंय’ म्हणून कुठेही छापू नका, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. ‘मालाडमधे हजार वर्षांचा शिलालेख’ असं एकदा फिरलं की रात्री कुदळ घेऊन येणारे असतात. दगडाखाली धन असतं ही समजूत अजून गेलेली नाही, राज्यात कितीतरी शिळा अशाच उकरून मोडल्या आहेत. मला फोटो खाजगी निरोपात पाठवा, मी आमच्या सरांना दाखवते.

साखळी_आणि_फळा

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही कागदात तुम्हाला मिळालं नसतं.

घोटाळा वगैरे काही नाही, उलट काम सोपं झालं. पतपेढी आली म्हणून जमिनीवरची विहीर जाते, नकाशातली जात नाही. वांद्र्याला उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बाजूला न जाता आधी तुमच्या भागाच्या नगर भूमापन कार्यालयात जा. दोन नकला मागा : आत्ताच्या नगर भूमापन नकाशाची, आणि गावच्या जुन्या नकाशाची. जुन्या नकाशात विहीर गोल खुणेने दाखवलेली असते. खिडकीवरचा माणूस म्हणेल जुना नकाशा जीर्ण आहे, मिळणार नाही. ‘अर्जावर तसं लिहून द्या’ म्हणा, मग बहुतेक वेळा सापडतो. विहीर सापडली की तिच्या पलीकडचा बांध कुठल्या दोन नंबरांमधला ते दिसेल. तो बांध गावाच्या शिवेवरचा निघाला तर आजींची आठवण आणि सरकारचा नकाशा एकाच जागी बोट ठेवतील. मग मला त्या नकलेचा फोटो पाठवा. मला झोप येणार नाही तोवर.

‘एकदा हलवलाय, पुन्हा हलवू’ याला उत्तर असं : गावाने हलवला तेव्हा तो शंभर पावलांवर, उघड्यावर, सगळ्यांसमोर ठेवला, आणि तुमच्या आजींना अजून आठवतं कुठून. पार्किंगमधला कोपरा पन्नास वर्षांनी कोणाला आठवणार? तरीही बांधकामाला तो उचलावा लागलाच, तर पिंपळाखालची आत्ताची जागा बांधून ठेवा. म्हणजे तीन पक्क्या खुणांपासून फितीने अंतर घ्या : एखाद्या जुन्या घराचा कोपरा, चर्चचं किंवा देवळाचं जोतं, विजेच्या खांबाचा पाया चालणार नाही, तो बदलतात. तीन अंतरं कागदावर असली की तो दगड पुन्हा त्याच जागी बोटभर फरकाने बसवता येतो. आम्ही हेच करत आलो. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे तेही लिहा.

अर्ज राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला करा, कार्यालय फोर्टात सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक वॉर्ड ऑफिसला. मजकूर लांबवू नका : दगड कुठे आहे, काय दिसतं, बांधकाम कधी सुरू होणार, जागेवर येऊन पाहणी करावी. शंभर वर्षांवरची कोरीव शिळा १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, एवढं एक वाक्य घाला. अर्जावर चाळीतल्या लोकांच्या सह्या घ्या, आणि @तिसरा_मजला यांच्यासारखं बोलणारा कोणी तुमच्याकडे असेल तर त्याची सही सगळ्यात वर घ्या. त्याला घर हवंय आणि दगडही चालतोय, हे कागदावर दिसलं की बिल्डरच्या माणसाची अर्धी भाषणं संपतात.

आणि शेंदूर लावायचं थांबवू नका. लोक ज्याला हात जोडतात तो दगड रातोरात नाहीसा होत नाही. फक्त मधल्या ओळींवर लावू नका म्हणावं. काकींना सांगितलंत तर त्या बरोबर बघतील. अर्जाची पोच मिळाली की तिची एक झेरॉक्स साइटवरच्या इंजिनिअरला द्या, जेसीबी यायच्या आधी.